चौदा एमबीचा हापूस: एका छोट्या विक्रीच्या साइटचं वजन उतरवताना

देवगड तालुक्यातलं एक बागायतदार कुटुंब. दीडशेच्या आसपास कलमं. पूर्वी माल वाशीच्या दलालाकडे जायचा, आता निम्म्याहून जास्त पेट्या मुंबई-पुण्याला थेट घरपोच जातात. साइट वर्डप्रेसवर आहे, दुकान वूकॉमर्सचं, पानं एका पेज बिल्डरमध्ये (ओढून-सोडून पानं रचायच्या साधनात) रचलेली, होस्टिंग सामायिक आणि स्वस्तातलं. हंगाम मार्च ते मे. जूनचा पहिला पाऊस पडला की साइटकडे कोणी फिरकत नाही.

हे प्रकरण कुठल्या एका दुकानाचं नाही. कोकणातून थेट आंबा विकणाऱ्या साइटवर जे दोष पुन्हा पुन्हा भेटतात ते इथे एकाच साइटवर गोळा केले आहेत. फाइलींची वजनंही तशा फाइलींची सहसा असतात तीच धरली आहेत. स्वतःच्या साइटचे आकडे घालून कोणालाही ही बेरीज पुन्हा मांडता येईल.

मागणी अशी होती: साइट पर्यावरणपूरक करा आणि तळाला तसा हिरवा बिल्ला लावा. पहिलं काम करण्यासारखं आहे. बिल्ल्याकडे पुढे येऊ.

आधी तराजू

वजन न करता सुरुवात केली की माणूस हमखास चुकीच्या जागी घाम गाळतो. पार्श्वभूमी काळी करणं, होस्टिंग बदलणं, सीएसएसमधल्या (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या फाइलीतल्या) मोकळ्या जागा काढणं ही कामं दिसायला पर्यावरणाची, पण वजनाच्या हिशेबात बहुतेकदा किरकोळ निघतात. काळ्या पार्श्वभूमीचंच बघा. ओएलईडी पडद्याच्या फोनवर तिचा फायदा खरा आहे, पण पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या मोजणीत ३० ते ५० टक्के प्रकाशमानावर बॅटरीची बचत सरासरी ३ ते ९ टक्केच निघाली. एलसीडी पडद्यावर तेवढीही नाही.

मोजायची पद्धत साधी. क्रोममध्ये खासगी विंडो उघडा, म्हणजे एक्स्टेन्शन्स मध्ये येत नाहीत. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन चालू असेल तर चॅटचं विजेट उतरतच नाही आणि साइट आहे त्यापेक्षा हलकी वाटते. डेव्हटूल्समधल्या नेटवर्क टॅबवर कॅशे (आधी साठवलेल्या प्रती वापरणं) बंद करण्याच्या चौकटीत खूण करा, पडद्याची रुंदी ३६० पिक्सेल ठेवा, पान लोड करा आणि तळापर्यंत हळूहळू सरकवा. खाली दोन आकडे दिसतात. त्यातला प्रत्यक्ष उतरवलेल्या डेटाचा आकडा घ्या, उलगडलेल्या फाइलींचा नको. प्रशासक म्हणून लॉगिन असताना मोजू नका, कारण तेव्हा कॅशे वगळला जातो आणि वरची काळी पट्टी आपल्या फाइली घेऊन येते. लाइटहाउस या क्रोममधल्या तपासणी-साधनाच्या गुणांवरही विसंबू नका. ते पान खाली सरकवत नाही, त्यामुळे खालच्या चित्रांचं वजन बऱ्याचदा त्याच्या हिशेबात येतच नाही.

या साइटच्या मुखपृष्ठाचा ताळेबंद असा निघाला. वरच्या भागात बागेचा आपोआप चालणारा व्हिडिओ, १२ सेकंदांचा, ४ एमबीपीएसचा, म्हणजे ६ एमबी. त्याखाली चार चित्रांचा स्लायडर, १.८ एमबी. पेट्यांचे आठ फोटो, १.४ एमबी. भौगोलिक मानांकनाचं चिन्ह आणि दोन प्रमाणपत्रं पीएनजी स्वरूपात, ०.७ एमबी. मराठी फाँटच्या चार टीटीएफ फाइली, १.६ एमबी. स्लायडर, बिल्डर आणि आयकॉनची जावास्क्रिप्ट ०.९. यूट्यूबची चौकट ०.९, नकाशा ०.६, चॅट ०.४, बाकी एचटीएमएल आणि सीएसएस ०.३. एकूण १४.६ एमबी. जगभरच्या साइट मोजणाऱ्या एचटीटीपी अर्काइव्हच्या २०२४ च्या आकडेवारीत मोबाइल मुखपृष्ठाचं मध्यक वजन २.३ एमबीच्या आसपास होतं. म्हणजे आंब्याचं हे पान मधल्या पानाच्या सहापट जड आहे. ५ एमबीपीएसच्या जोडणीवर ते पूर्ण उतरायला २३ सेकंद लागतात.

कार्बनचा हिशेब, आणि तो किती ताणायचा

वेबपानांचा कार्बन मोजण्यासाठी वापरलं जाणारं सस्टेनेबल वेब डिझाइन मॉडेल आहे; त्याच्या चौथ्या आवृत्तीत एका जीबीमागे ०.३ युनिट वीज धरतात. त्यात वापराचा भाग ०.१९४ आणि उपकरणं घडवण्याचा भाग ०.१०६. डेटा सेंटर, नेटवर्क आणि वापरणाऱ्याचं उपकरण अशा तिन्हींची त्यात बेरीज आहे. जागतिक सरासरी विजेला युनिटमागे ४९४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला जातो. जुन्या लेखांत जीबीमागे ०.८१ युनिट दिसेल. तो तिसऱ्या आवृत्तीतला आकडा, आता वापरू नये. दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवताना आवृत्ती बदलली असेल तर काहीही न करता साठ टक्के घट झाल्याचा भास होतो.

हंगामात मुखपृष्ठ आधी साइट न उघडलेल्या फोनवर ४०,००० वेळा उघडलं असं धरू. ४०,००० गुणिले १४.६ एमबी म्हणजे ५८४ जीबी, त्याची १७५ युनिटं, त्याचे ८६ किलो. काम झाल्यावर पान ०.६१ एमबीचं झालं. २४ जीबी, ७ युनिटं, साडेतीन किलो. वाचले सुमारे ८३ किलो.

८३ किलो म्हणजे किती? एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ३१ लिटर डिझेल. लिटरला १२ किलोमीटर देणारा छोटा टेम्पो देवगडहून निघाला तर तेवढ्यावर पनवेलही गाठणार नाही. कुटुंबाला हे पहिल्याच बैठकीत सांगावं, नाहीतर साइट हलकी केली म्हणजे धंदा हिरवा झाला असा समज पक्का होतो. शिवाय जीबीला युनिटाने गुणणं हा एक संकेत आहे. मोबाइलचा टॉवर आणि राउटर तुमचं पान उतरो न उतरो, चालूच असतात. डेटा निम्मा केला म्हणून त्यांची वीज त्याच क्षणी निम्मी होत नाही. या आकड्याचा उपयोग कशावर आधी हात घालायचा ते ठरवण्यापुरता.

मग हे करायचं कशाला? कारण तीच कात्री पान उघडण्याचा वेळ कापते, ग्राहकाचा डेटा वाचवते आणि चार-पाच वर्षं जुना फोन आणखी काही काळ चालवू देते. उपकरण घडवण्याचा वाटा मॉडेलमध्ये एक तृतीयांशाहून जास्त आहे, आणि जड साइट्स हे फोन बदलण्याचं एक न बोललेलं कारण असतं.

व्हिडिओ गेला, चित्रं राहिली

सहा एमबीच्या व्हिडिओवर वाद झाला नाही असं होत नाही. बागेचा ड्रोनने घेतलेला व्हिडिओ घरच्यांचा लाडका असतो. तडजोड अशी: वर एकच स्थिर फोटो, त्यावर चालवायचं त्रिकोणी चिन्ह, दाबलं तरच व्हिडिओ. फाइल ७२० पिक्सेल उंचीची, आवाजाचा ट्रॅक काढलेली, ६ सेकंदांची, १ एमबीपीएसची, म्हणजे पाऊण एमबी. व्हिडिओच्या ‘प्रीलोड’ला ‘नन’ द्यायला विसरलं तर दाबण्याआधीच काही भाग उतरायला लागतो. ‘मोबाइलवर लपवा’ हा बिल्डरमधला पर्याय इथे कामाचा नाही. तो फक्त दिसणं बंद करतो, फाइल बहुतेकदा उतरतेच.

चित्रांचं काम सगळ्यात जास्त फळ देतं आणि सगळ्यात जास्त बिघडतंही. फोनमधला मूळ फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, चार-पाच एमबीचा. वर्डप्रेस ५.३ पासून फार मोठं चित्र २५६० पिक्सेलवर आणतं आणि छोट्या प्रती आपोआप करतं. पण स्लायडरचं चित्र सीएसएसची पार्श्वभूमी म्हणून टाकलेलं असेल तर त्या प्रतींचा उपयोग होत नाही, कारण ब्राउझरला निवडायला यादीच मिळत नाही आणि फोनलाही संगणकाचं चित्र जातं. म्हणून स्लायडर काढून एक साधं इमेज टॅगमधलं चित्र ठेवलं. चार चित्रांतली तीन कोणी पाहत नव्हतं, हा वेगळा मुद्दा.

प्रती तीन पुरतात: ४८०, ८०० आणि १२०० पिक्सेल रुंदीच्या. वेबपी हे हलकं चित्र-स्वरूप, गुणवत्ता ७५च्या जवळ. पेटीच्या कार्डावरचा फोटो २० ते ३० केबीत बसतो. इथे एक खाच आहे. प्रती केल्या तरी ‘साइझेस’ या गुणधर्मात थीम ‘पडद्याची पूर्ण रुंदी’ असंच लिहून मोकळी होते. कार्ड प्रत्यक्षात अर्ध्या पडद्याचं असतं, ब्राउझर थीमवर विश्वास ठेवतो आणि दुप्पट रुंदीची प्रत उचलतो. तिथे ‘पन्नास व्हीडब्ल्यू’ (पडद्याच्या रुंदीचे पन्नास टक्के) लिहिलं की कार्डांचं वजन एका फटक्यात खाली येतं. नवीन मापं ठरवल्यावर जुन्या फोटोंच्या प्रती पुन्हा तयार कराव्या लागतात, त्या आपोआप होत नाहीत.

हापूसच्या फोटोची स्वतःची अडचण आहे. घेणारा माणूस देठाजवळची गोलाई बघतो, सालीवरचे बारीक ठिपके बघतो, पिवळ्यातून केशरीत जाणारी छटा बघतो. एव्हीआयएफ या आणखी दाबणाऱ्या चित्र-स्वरूपात गुणवत्ता फार खाली आणली तर हे ठिपके पुसले जातात आणि फळ मेणाचं वाटतं. दुसरी गडबड रंगाची. बऱ्याच नव्या फोनमध्ये फोटो डिस्प्ले पी३ या रंगपट्ट्यात साठवला जातो. फाइल हलकी करणारं साधन रंगाची माहिती नुसतीच उडवत असेल, आधी एसआरजीबीत (वेबवरच्या नेहमीच्या रंगपट्ट्यात) बदलत नसेल, तर केशरी फिकं पडतं आणि पिकलेला आंबा अर्धकच्चा दिसतो. ‘फोटोत वेगळा होता’ ही तक्रार इथून सुरू होऊ शकते. म्हणून आधी एसआरजीबीत रूपांतर, मगच माहिती काढणं. माहिती काढताना फोटो उभा की आडवा याची नोंदही जाते, त्यामुळे तो आधी सरळ फिरवून घ्यावा. जीपीएसची नोंद गेली तर चांगलंच, बागेचं नेमकं ठिकाण जगाला सांगायची गरज नाही.

खालच्या चित्रांना लेझी लोडिंग (पान तिथवर सरकलं की मगच चित्र मागवणं) हवं, पण वरच्या मुख्य फोटोला ते कधीही देऊ नये. सगळ्यांना सरसकट लेझी करणारी प्लगइन्स हीच चूक करतात. मग ब्राउझर मुख्य फोटो शेवटी मागवतो, पान हलकं असूनही रिकामं दिसतं आणि मालक म्हणतो, आधीचंच बरं होतं. प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहावी, नाहीतर फोटो आला की मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

भौगोलिक मानांकनाचं चिन्ह मुद्रणासाठी आलेलं पीएनजी होतं, जवळजवळ ३००० पिक्सेलचं. पडद्यावर ते ९० पिक्सेलचं दिसतं. त्याची योग्य मापाची वेबपी प्रत ६ केबीची झाली. प्रमाणपत्रं पानावरून काढून त्यांचा दुवा दिला.

मराठी फाँटचा गुंता

इंग्रजी साइटवर लिहिलेले सल्ले इथे अपुरे पडतात. रोमन फाँटला दोन-अडीचशे आकृत्या पुरतात. देवनागरीला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, रकार धरून त्याच्या कित्येक पट लागतात. टीटीएफ फाइल ४०० केबीची असणं त्यामुळेच. चार वजनं लावली की दीड एमबी गेलेच.

पहिला प्रश्न: मजकुराला वेगळा फाँट हवाच का? अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी असतो, विंडोजवर निर्मला, अॅपलच्या उपकरणांवर कोहिनूर देवनागरी. तिन्ही वाचनीय आहेत आणि त्यांचं उतरवण्याचं वजन शून्य. या साइटवर मजकुराला उपकरणाचाच फाँट ठेवला आणि शीर्षकांपुरता मुक्ता या खुल्या फाँटचं एकच ठळक वजन ठेवलं. ते डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या दाबलेल्या फाँट-स्वरूपात बदललं, फक्त लागणाऱ्या अक्षरांपुरतं छाटलं, फाइल ६० केबीवर आली.

छाटणी चुकली की काय होतं ते मराठी वाचणाऱ्यालाच दिसतं, लाइटहाउसला नाही. काही ऑनलाइन साधनं अक्षरांची यादी पाहून छाटतात आणि जोडाक्षरं घडवणारे नियम टाकून देतात. मग ‘रत्नागिरी’तला ‘त्न’ सुटतो आणि ‘रत्‌नागिरी’सारखं हलन्त दिसायला लागतं, ‘क्ष’ दोन तुकड्यांत पडतो. म्हणून छाटताना मांडणीचे सगळे नियम राखायचे. दुसरं, युनिकोडचा ०९०० ते ०९७एफ हा पट्टा घेतला की काम झालं असं वाटतं, पण तोडणारा आणि जोडणारा हे दोन शून्य-रुंदीचे वर्ण त्याच्या बाहेर, २००सी आणि २००डी वर आहेत. काही कळफलकांवर ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यातला अर्धा र त्यांच्याच मदतीने टाइप होतो. ते सुटले तर तेवढंच अक्षर वेगळ्या फाँटमध्ये डोकावतं. रुपयाचं चिन्ह २०बी९ वर, तेही बाहेरच. आंब्याच्या दुकानात रुपयाचं चिन्ह विसरणं महागात पडतं.

आणखी एक बारीकसं काम. पानाची भाषा थीमने ‘अमेरिकन इंग्रजी’ लिहून ठेवलेली असते. ती मराठी करावी. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत तिथे ते तेव्हाच उमटतात, आणि वाचून दाखवणारी साधनंही नीट उच्चार करतात. वजनाचा संबंध एवढाच की, ‘मराठी ल नीट दिसत नाही’ म्हणून आणखी एक फाँट उतरवणाऱ्या साइट्स आहेत.

मजकुराची काळजी करू नये. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटांचा असतो, म्हणून मराठी मजकूर जड वाटतो, पण ब्रॉटली किंवा जीझिप ही मजकूर दाबून लहान करणारी सोय सर्व्हरवर चालू असेल तर तो छान दाबला जातो. सामायिक होस्टिंगवर दाबणं बंद असलेलं मात्र बऱ्याचदा आढळतं. नेटवर्क टॅबमध्ये एचटीएमएलच्या उत्तराच्या शीर्षकात ‘बीआर’ किंवा ‘जीझिप’ दिसतंय का, एवढं बघायचं.

पाहुणे

पाहुणे म्हणजे बाहेरच्या सेवांचे आणि प्लगइन्सचे पानात घुसलेले तुकडे. यूट्यूबच्या चौकटीऐवजी एक लघुचित्र ठेवलं, दाबलं की चौकट घडते. नकाशाच्या जागी बागेपर्यंतच्या रस्त्याचं छोटं चित्र आणि नकाशाचा दुवा. चॅटचं विजेट काढून व्हॉट्सअॅपचा साधा दुवा दिला. तसंही सगळे ग्राहक तिथेच विचारतात, ‘दादा, पेटी कधी निघेल?’ पाच आयकॉनांसाठी येणारा आयकॉन फाँट काढला, ते पाचही एसव्हीजी (मजकुरासारखी लिहिलेली रेखाकृती) म्हणून पानातच लिहिले. संपर्काचा फॉर्म फक्त संपर्काच्या पानावर हवा. त्याचं प्लगइन मात्र रोबोट तपासणाऱ्या स्क्रिप्टसह प्रत्येक पानावर हजर असतं. पानवार बंद करण्याची सोय लावली.

पेज बिल्डर पूर्ण काढायचा का, हा खर्चाचा प्रश्न. मुखपृष्ठ आणि पेटीची पानं वर्डप्रेसच्या ब्लॉकमध्ये नव्याने बांधली, बाकीची बिल्डरमध्येच राहू दिली. ‘आमच्याविषयी’ हे पान हंगामात मोजके लोक बघतात, त्यावर आठवडा घालवण्यात अर्थ नव्हता. या सगळ्यानंतरचा ताळेबंद: मुख्य फोटो ८० केबी, आठ कार्डं २००, फाँट ६०, जावास्क्रिप्ट १८०, एचटीएमएल आणि सीएसएस ६०, लघुचित्रं आणि चिन्हं ३०. ६१० केबी.

कॅशे, बॉट आणि पावसाळा

चित्रं, फाँट, सीएसएस यांना एका वर्षाची कॅशे-मुदत दिली. फाइल बदलली की नावही बदलायचं, ही त्याची अट. दुसऱ्यांदा येणाऱ्या ग्राहकाला मग जवळजवळ फक्त एचटीएमएल लागतं.

पानांचा कॅशे लावताना आंधळेपणा परवडत नाही. टोपली, पैसे भरण्याचं पान आणि ग्राहकाचं खातं वगळलं नाही तर एकाची टोपली दुसऱ्याला दिसू शकते. वर्डप्रेस फॉर्ममध्ये जी सुरक्षा-खूण घालतं तिचं आयुष्य १२ ते २४ तास. कॅशेत पान दोन दिवस राहिलं तर फॉर्म भरूनही ‘मुदत संपली’ असा दोष येतो आणि मालकाला पत्ताच लागत नाही, कारण लॉगिन असल्यामुळे त्याला ताजं पान दिसतं. जावास्क्रिप्ट उशिरा चालवण्याचा पर्याय पेमेंट गेटवेच्या स्क्रिप्टला लागला तर पैसे भरायचं बटण पहिल्या दाबाला प्रतिसाद देत नाही. तीन वेगवान करणारी प्लगइन्स एकत्र लावणं हा तर नेहमीचा अपघात. एकच ठेवावं, आणि प्रत्येक बदलानंतर स्वतः एक पेटी मागवून पाहावी.

वूकॉमर्सची टोपली ताजी ठेवणारी एक विनंती पूर्वी प्रत्येक पानावर सर्व्हरला जायची, आणि ती कॅशे होत नाही. ७.८ पासून छोट्या टोपलीचं विजेट नसेल तर ती मुळात जात नाही. म्हणजे आवृत्ती अद्ययावत करणं आणि ते विजेट काढणं, एवढंच काम.

पावसाळ्याकडे मात्र कोणी बघत नाही. जून ते फेब्रुवारी माणसं नसतात, बॉट म्हणजे आपोआप साइट चाळणारे प्रोग्राम असतात. शोधयंत्रांचे, भाषा मॉडेलसाठी मजकूर गोळा करणारे, आणि कुलूप तपासत फिरणारे. सर्व्हरची नोंदवही उघडली की ‘टोपलीत टाका’च्या दुव्यावर बॉटांच्या ओळीच्या ओळी दिसतात. तो दुवा कॅशे होत नाही, प्रत्येक वेळी पीएचपी आणि डेटाबेस जागे होतात, नवं सत्र तयार होतं. रोबोट्सच्या फाइलीत टोपलीचे, क्रमवारीचे आणि गाळणीचे दुवे मनाई केले. सांगून न ऐकणाऱ्यांना सर्व्हरवरच अडवलं. एक्सएमएल-आरपीसी ही बाहेरून वर्डप्रेस चालवायची जुनी सोय वापरात नव्हती, बंद केली. वर्डप्रेसचं वेळापत्रक प्रत्येक भेटीवर चालतं, ते काढून सर्व्हरच्या क्रॉनवर (ठरावीक वेळी काम चालवणाऱ्या सोयीवर) पंधरा मिनिटांनी लावलं. हंगाम संपला की दुकानाच्या जागी एकच स्थिर पान: पुढच्या वर्षीची नोंद आणि फोन.

बॅकअपही बघावेत. फोटोंचा फोल्डर ६ जीबीचा, रोज पूर्ण बॅकअप, तीस दिवस साठवण, म्हणजे १८० जीबी तेच ते फोटो. रोज फक्त डेटाबेस, आणि फोटोंचा वाढीव बॅकअप, एवढ्याने तो ढीग दहा जीबीच्या आत आला. त्याच झडतीत थीमसोबत आलेली नमुन्याची पानं आणि दोन वर्षांपूर्वीची चाचणी-साइट सापडली. ती चालूच होती, तिच्यावरही बॉट येत होते.

होस्टिंग मुद्दाम शेवटी

जुना सर्व्हर अमेरिकेत, ग्राहक दादरला आणि कोथरूडला. वाशीच्या फळबाजारापासून जवळच ऐरोली-महापेला डेटा सेंटरं उभी आहेत आणि तरी पेटीचा फोटो समुद्र ओलांडून येत होता. सर्व्हर मुंबईत आणला की प्रत्येक फेरीचा वेळ चांगलाच घटतो.

अडचण अशी की भारतातली ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, युनिटला सुमारे ०.७ किलो. जलविद्युत जास्त असलेल्या देशातला सर्व्हर कागदावर स्वच्छ दिसतो. पण पान ६१० केबीचं झाल्यावर डेटा सेंटरचा वाटा फारच छोटा उरतो, आणि फोन चार्ज होतो तो मुंबईच्याच विजेवर. म्हणून मुंबईत, आणि नवीकरणीय विजेचा पुरावा देणाऱ्याकडे. पुरावा म्हणजे कोणत्या वर्षासाठी, किती वीज, प्रमाणपत्रं विकत घेतलेली की थेट करार, याचं लेखी उत्तर. ग्रीन वेब फाउंडेशनच्या यादीत नाव आहे का तेही तपासता येतं. ‘शंभर टक्के हिरवं’ एवढंच लिहिलेल्या पानाला पुरावा म्हणत नाहीत.

टेम्पोचा हिशेब

साइटमुळे खरा कार्बन वाचतो तो पैसे भरायच्या पानावर. आधी ग्राहक कोणतीही तारीख निवडायचा, त्यामुळे अर्धा भरलेला टेम्पो निघायचा. आता पिनकोड टाकला की त्या भागाचे वारच दिसतात: पश्चिम उपनगरांना दोन, ठाण्याला दोन, पुण्याला दोन. एक फेरी वाचली तर येता-जाता सुमारे नऊशे किलोमीटर, पंचाहत्तर लिटर डिझेल, दोनशे किलो. वर्षभराच्या साइटच्या बचतीच्या दुपटीहून जास्त, एका फेरीत.

पिनकोड आणि शहर जुळत नसेल तर तिथेच थांबवणं, सोसायटीचं नाव आणि इमारतीची खूण सक्तीची करणं, यामुळे परत फिरणाऱ्या पेट्या कमी होतात. आंबा तयार येतो की आढीत आणखी चार-पाच दिवस ठेवावा लागतो हे पेटीच्या किमतीशेजारी लिहिलं. आधी ते प्रश्नोत्तरांच्या पानावर दडलेलं होतं. कच्चा म्हणून तक्रार, तक्रारीवर बदली पेटी, आणि बदली पेटीची स्वतंत्र फेरी, ही साखळी त्या एका ओळीने तुटते. साक्यासाठीची (बाहेरून चांगलं फळ आतून खराब निघण्याच्या दोषासाठीची) भरपाई मात्र फोटोवर पैसे परत, अशी ठेवली. दुसरी पेटी पाठवून नाही.

आता बिल्ला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फसव्या पर्यावरणीय दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. साइटच्या तळाला त्याऐवजी एक ओळ गेली: मुखपृष्ठ ६१० केबी, मोजल्याची तारीख, मोजायची पद्धत. मालकाला ती फारशी आवडली नाही. हिरवं पान जास्त उठून दिसलं असतं, हे खरंच.

फेब्रुवारीतली तपासणी

मुखपृष्ठासाठी ८०० केबीची मर्यादा ठरली. फोटो घरातला जो कोणी चढवेल तो फोनमधून थेट चढवणार, हे गृहीत धरून सर्व्हरवरच १६०० पिक्सेलची कमाल आणि वेबपीत रूपांतर लावलं. शिकवण्यावर विसंबलं तर एप्रिलच्या धावपळीत ते विसरलं जातं.

वजन परत वाढतं ते दोन वाटांनी. एखादं प्लगइन अद्ययावत झालं की काढलेला फाँट किंवा आयकॉन पुन्हा घेऊन येतं. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा खासगी विंडो, पुन्हा ३६० पिक्सेल, आणि नेटवर्क टॅब आकारानुसार लावून पहिल्या दहा ओळी बघायच्या. दुसरी वाट गुढीपाडव्याची. त्या आठवड्यात कुठूनतरी तोरण, गुढी आणि सवलतीचा आकडा असलेला दीड-दोन एमबीचा पीएनजी बॅनर येतो आणि पॉपअपमध्ये बसतो. अक्षय तृतीयेला त्याचा भाऊ. सवलतीची ओळ मजकूर म्हणून लिहिली तर ती शंभर बाइटांत मावते, आणि गुढी हवीच असेल तर एसव्हीजीत ती चार केबीची होते.